रेडिओचं घोषवाक्य मुलांच्या तोंडचं असू द्या



लॉकडाऊननंतर आपल्याकडे बऱ्याच शाळांनी, केंद्रांनी स्वतःचे छोटे इंटरनेट रेडिओ सुरू केले. २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं तेव्हा सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' आणि आकाशवाणीवरचे शाळेचे कार्यक्रम मुलांनी ऐकले-पाहिले. त्यातून अनेक शिक्षकांना वाटलं की हे आपणही करू शकतो. मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये कापाकापी करायची आणि लिंक पालकांना पाठवायची. खर्च फारसा नाही. ६४ केबीपीएस वेगाने अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायला साधारण १४ एमबी डेटा जातो. नुसता बोलण्याचाच कार्यक्रम असेल तर ३२ वर ठेवला तरी चालतो, म्हणजे ७ एमबीच्या आसपास. गरीब पालकालाही हे परवडतं.

पण रेडिओ सुरू झाला की आठवड्याभरात गटावर एक मेसेज हमखास येतो: "आपल्या रेडिओसाठी आकर्षक घोषवाक्ये व जिंगल असतील तर कृपया पाठवा." लगेच दहा जण पाठवतात. त्यातलं एक निवडून एखादा आवाज चांगला असलेला शिक्षक ते म्हणतो, मागे कीबोर्डचं संगीत, झालं काम. माझा विरोध आहे तो नेमका याला. रेडिओचं घोषवाक्य मागून आणू नये आणि शिक्षकांनीही लिहू नये. ते मुलांनी लिहावं आणि मुलांच्याच बोलीत वाजावं. असं मी का म्हणते ते जरा सविस्तर सांगते.

आधी हे बघू की जिंगल करते काय. साध्या रेडिओत आपण बटण फिरवतो, खरखर येते, मग स्टेशन लागतं. कुठलं लागलं हे कळायला खूण लागते. आकाशवाणीची ती ओळखीची सुरावट वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकाराने १९३६ च्या सुमारास केली. त्यात एकही शब्द नाही, तरी तंबोऱ्यावरची ती धून ऐकली की आजही आपल्या आईवडिलांच्या पिढीला सकाळ आठवते. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली आणि १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. तिथून जिंगल हा प्रकार आपल्या घराघरात शिरला. दात घासायच्या पावडरीपासून पापडापर्यंत सगळं लोक गाऊन दाखवायला लागले. त्याआधी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी होतेच. त्यांचं "बहनों और भाइयों" हे नुसतं संबोधन होतं, पण तेच त्यांची जिंगल झालं. त्या काळी सगळे "भाइयों और बहनों" म्हणायचे, त्यांनी बहिणींना आधी ठेवलं. एवढ्याशा अदलाबदलीने आवाज ओळखीचा झाला.

इंटरनेट रेडिओवर बटण फिरवायचं नसतं, तिथे लिंक दाबायची असते. म्हणजे ऐकणारा चुकून येत नाही, मुद्दाम येतो. पण जातोही एका अंगठ्यात. शिवाय नेट मध्येच अडकतं, गोल फिरत राहतं, पुन्हा सुरू होतं. त्यामुळे दर सात-आठ मिनिटांनी पाच सेकंदांत "तुम्ही कुठे आहात आणि तुमच्याशी कोण बोलतंय" हे सांगावं लागतं. पाच सेकंदांत मूल सावकाश दहा-बारा शब्द बोलतं. तेवढीच जागा.

आता गटावर फिरणारं एक नमुन्याचं घोषवाक्य बघा. नमुना मीच बनवलाय, कोणाला लागू नये म्हणून. "विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासाचा ध्यास, ज्ञानरंजनाचा अखंड प्रवास." यमक जुळलंय. भिंतीवर रंगवलं तर छानही दिसेल. पण तिसरीतल्या मुलाला म्हणायला लावा. 'विद्यार्थ्यांच्या' इथेच जीभ अडखळते. आणि मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर, चुलीच्या आणि भांड्यांच्या आवाजात, 'ज्ञानरंजनाचा' हा शब्द आजीला ऐकू तरी जाईल का? भिंतीवरचं घोषवाक्य माणूस थांबून दोनदा वाचतो. कानावरचं एकदाच येतं आणि निघून जातं. आपण शिक्षक मंडळी भिंती रंगवून रंगवून इतके तयार झालोय की कानासाठी लिहायचं असतं हेच विसरतो.

कानासाठी लिहिलेलं कसं असतं हे शिकवायला मी एक सोपा उपक्रम घेते. करून बघा, साहित्य काही लागत नाही. मुलांना माहीत असलेली घोषवाक्यं फळ्यावर लिहा. झाडे लावा, झाडे जगवा. पाणी अडवा, पाणी जिरवा. मुलगी शिकली, प्रगती झाली. मग बाकावर टिचक्या मारत म्हणायला लावा. लहान अक्षराला एक टिचकी, लांबवलेल्याला दोन. मुलांना दहा मिनिटांत सापडतं की तिन्हींमध्ये प्रत्येक शब्द चार मात्रांचा आहे. झा-डे चार, ज-ग-वा चार, मु-ल-गी चार, प्र-ग-ती चार. चार शब्द, प्रत्येकी चार मात्रा, मध्ये एक श्वास. ज्या कोणी ही वाक्यं केली त्यांनी मात्रा मोजल्या असतील असं नाही. पण लोकांच्या तोंडात टिकली ती हीच. "जय जवान, जय किसान" मोजलं तर सहा आणि सहा येतात. एसटीचं "गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी" घ्या. पहिल्या तुकड्याचा शेवटचा शब्द दुसऱ्याचा पहिला होतो, म्हणून विसरत नाही. (वृत्त-मात्रा पाठ करून घेताना नववी-दहावीच्या मुलांना जो घाम फुटतो तो चौथीतच टिचक्या मारल्या तर फुटणार नाही, असं आपलं माझं मत.)

हे झाल्यावर मुलांना सांगितलं, आपल्या रेडिओसाठी करा. पहिला तास नेहमी वाया जातो, तो जाऊ द्यावा. सगळी मुलं आपल्याला आवडेल असंच लिहितात: ज्ञान, विकास, संस्कार. दुसऱ्या तासाला कंटाळून खरं बोलायला लागतात. आमच्या चौथीतल्या एका गटाने केलं, "शाळा सुटली, रेडिओ लावा." मोजायला बसले तर 'रेडिओ'च्या पाच मात्रा झाल्या, एक जास्त. आता काय करायचं? एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण आपण रेड्यो म्हणतो ना." खरंच. रेड्यो म्हटलं की बरोब्बर चार. पुस्तकी उच्चाराने वाक्य लंगडत होतं, तिच्या घरच्या उच्चाराने सरळ चाललं.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो.

मी बीड जिल्ह्यात शिकवते. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत. काही मुलं आईबापाबरोबर जातात आणि त्यांची शाळा तुटते. काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. गावातला एफएम कर्नाटकातल्या फडापर्यंत पोचत नाही. सामुदायिक रेडिओचा टप्पाही आजूबाजूच्या गावांपुरताच असतो. पण लिंक पोचते. संध्याकाळी कोपीवर भाकरी थापताना मोबाइल उघडला तर दीडदोनशे किलोमीटरवरच्या आपल्या पोराचा आवाज येऊ शकतो. मुंबई-पुण्यातल्या शाळेला इंटरनेट रेडिओ हा हौसेचा उपक्रम असेल. आमच्या मुलांसाठी ती आईकडे जाणारी वाट आहे. म्हणून आमच्या रेडिओची जिंगल कोणासाठी आहे हे मुलांना सांगावं लागत नाही.

गेल्या हंगामाआधी अशीच जिंगल ठरवायची होती. वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलाने लिहून आणलं:

"आय, ऐकायलीस का? मी बोलायलोय!"

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे 'ऐकतेस का' नाही म्हणत, 'ऐकायलीस का' म्हणतात. 'बोलतोय'ला 'बोलायलोय'. हे आमचं रोजचं बोलणं आहे, लातूर-नांदेडपर्यंत चालतं. वर्गात ते वाक्य वाचलं तेव्हा जी शांतता झाली ती मी अजून विसरले नाही. त्यात रेडिओचं नाव नाही, शाळेचं नाव नाही, ज्ञान नाही, संस्कार नाहीत. पण घोषवाक्याला जे करायचं असतं ते सगळं आहे. कोणाला हाक मारलीय, कोण बोलतंय आणि कशासाठी, सगळं पाच शब्दांत. मोजून बघा, 'ऐकायलीस' आठ मात्रा, 'बोलायलोय' आठ मात्रा. दोन्हींत तोच 'आयल' चा हेलकावा. त्याने काही मोजलं नव्हतं.

हे वाक्य शिक्षकांच्या बैठकीत गेलं तेव्हा दुरुस्त होऊन परत आलं: "आई, ऐकत आहेस का? मी बोलत आहे." कारण काय, तर रेडिओ बाहेरचे लोकही ऐकतात, अधिकारी ऐकतात, अशुद्ध भाषा गेली तर शाळेची लाज जाईल. दोन-तीन सहकाऱ्यांचं मत होतं की प्रमाण भाषा शिकवणं हेच आपलं काम आहे आणि आपणच बोली वाजवली तर मुलं पेपरात तेच लिहितील.

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पेपर तपासताना 'व्हता', 'आनि' यांवर लाल शाई मीही मारते. प्रमाण भाषा मुलांना यायलाच हवी. ती न आल्याने आमची मुलं मुलाखतीत मागे पडतात हेही खरं आहे. पण तिची जागा बातम्यांत आहे. आमच्या रेडिओवर मुलं पाच मिनिटांच्या बातम्या वाचतात, त्या प्रमाण भाषेतच असतात आणि त्यासाठी आम्ही उच्चारांची भरपूर तयारी करून घेतो. एकाच अर्ध्या तासात मूल बातमी प्रमाण भाषेत वाचतं आणि आईला हाक बोलीत मारतं. दोन्ही येणं हेच तर भाषा येणं झालं. उलट कुठे काय बोलायचं हा फरक त्याला त्या अर्ध्या तासात जितका नीट कळतो तितका व्याकरणाच्या धड्यात कळत नाही.

आणि 'अशुद्ध' म्हणजे नक्की काय? "मी बोलत आहे" असं आईला फोनवर कोण म्हणतं? पुण्यातलंही पोर म्हणत नाही. ते वाक्य शुद्ध असेल, पण खोटं आहे. घोषवाक्य खोटं असलं की कानाला लगेच कळतं, मग यमक कितीही जुळलेलं असो. कोपीवर बसलेल्या त्या बाईला "आई, ऐकत आहेस का" हे आपल्यासाठी आहे असं वाटणार नाही. तिला वाटेल सरकारची काहीतरी योजना आलीय.

बैठकीत बराच वेळ चर्चा झाली. शेवटी दोन्ही वाक्यं रेकॉर्ड करून पालकांना ऐकवायची असं ठरलं. आज्या, चुलते, निघायच्या तयारीत असलेले आईबाप, ज्यांना जमलं ते आले. कोणाला मत विचारायची वेळच आली नाही. पहिलं वाक्य वाजलं आणि एक आजी मोबाइलकडे बघून म्हणाली, "ऐकायले बाबा, बोल." दुरुस्त केलेलं वाक्य वाजवायचं राहूनच गेलं.

आता थोडं कामाचं, कारण उत्साहाने केलेली जिंगल रेकॉर्डिंगमध्ये मार खाते. प, फ, ब, भ ही अक्षरं तोंडासमोर मोबाइल धरून म्हटली की हवा आपटून 'भस्स' असा आवाज येतो. मोबाइल तोंडासमोर न धरता जरा बाजूला, एक वीतभर अंतरावर धरायला सांगा. मागे वाद्य हवं असेल तर ढोलाच्या नादी लागू नका. छोट्या स्पीकरमधून खालचे, जाड आवाज जवळजवळ बाहेरच पडत नाहीत. टाळी, झांज, डब्यावरची काडी, घुंगरू हे स्वच्छ ऐकू येतं. आमच्या मुलांनी कोयता दगडावर घासल्याचा आवाज घेतला होता. मला तो आधी अंगावर आला, पण त्यांच्या घरातला सकाळचा आवाज तोच आहे. ठेवला.

चालीसाठी सिनेमाची गाणी उचलू नका. एक तर ते बेकायदेशीर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतरही ६० वर्षं हक्क राहतात. आणि वर्गातल्या चार भिंतींत गाणं वेगळं, इंटरनेटवर जगाला ऐकवणं वेगळं. दुसरं, उसनी चाल घेतली की ऐकणाऱ्याला मूळ गाणंच आठवतं, तुमचा रेडिओ नाही. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचा ठेका आहे, भोंडल्याचा फेर आहे, वासुदेवाची हाक आहे, बाजारातल्या भाजीवालीची आरोळी आहे. कालवणाच्या वाटाण्यापासून बांगड्यांपर्यंत सगळं विकणाऱ्यांच्या आरोळ्या या तर अस्सल जिंगल. मुलांना आठवडी बाजारात पाठवून पाच आरोळ्या ऐकून यायला सांगा. जाहिरातलेखनाचा धडा पुढे दहावीत येतो तेव्हा तो इथेच होऊन गेलेला असेल.

दावा खरा असावा हेही मुलांना बोलायला लावा. आमच्या एका गटाने "चोवीस तास तुमच्या साथीला" असं लिहिलं होतं. दुसऱ्या गटातला एक जण लगेच म्हणाला, "आपला तर सातला सुरू होतो न् साडेसातला बंद." मग बदलून झालं, "सात वाजले, भाकर थापा, रेड्यो लावा." थापा-लावा हे काही कडक यमक नाही, पण वेळ कळते आणि हात कामात असताना ऐकायचं हेही कळतं. जाहिराती ऐकताना "हे खरं का?" असं विचारायची सवय लागली तर तेवढ्यासाठीसुद्धा हा उपक्रम करावा.

एक काळजी मात्र नक्की घ्या. जिंगलमध्ये मुलाचं पूर्ण नाव, गाव, वसतिगृहाचा पत्ता असं काही नको. लिंक कोणाच्याही हातात जाऊ शकते. आईला आवाजावरून कळतं पोर आपलं आहे का, नाव सांगायची गरज नसते. आवाज वापरण्याआधी पालकांची परवानगीही घ्या, तीही कागदावर.

पालकहो, तुमच्याशीही थोडं बोलायचंय. "रेडिओ-फिडिओत वेळ घालवण्यापेक्षा पाढे घ्या" असं तुमच्यातले काही जण म्हणतात. पाढे होतातच. पण चार शब्द निवडायला मूल चाळीस शब्द खोडतं, त्या खोडण्यात जो विचार होतो तो दहा निबंध उतरवून होत नाही. कृपा करून घरी बसून त्याला घोषवाक्य 'तयार करून' देऊ नका. मोठ्या माणसाने लिहिलेलं लगेच ओळखू येतं. त्यात 'ध्यास' असतो.

जिंगल बदलायचीही असते. आमची हंगामाला एकदा बदलते, कारण मुलं पुढच्या वर्गात जातात, आवाज फुटतात. यंदाच्या चौथीने सप्टेंबरातच सुरुवात केलीय. टोळ्या निघण्याआधी लिंक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये टाकून, एकदा वाजवून दाखवायची आहे. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्या टोळीत कोणाकडे मोठा मोबाइल आहे याची यादी मुलंच करतायत. काल तीच मोजत होती, अजून अकरा घरं राहिलीत.